न रुसणारं झाड

"बाई, एक सांगून ठेवते. ही झाडं बोलत नाहीत. तहानेनं मेली तरी शेवटपर्यंत चेहरा हसरा." नर्सरीवालीनं असं बजावलं तेव्हा तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. कडेवर दहा महिन्यांचं पोर, खांद्यावर लंगोटांची पिशवी, डोळ्यांवर चार रात्रींची झोप. तिला न बोलणारंच काहीतरी हवं होतं.

"मग दोन द्या. बोलणारे घरात पुरेसे आहेत."

नर्सरीवालीनं झेडझेड प्लांटच्या दोन कुंड्या काढल्या. पानं जाड, तेल लावल्यासारखी तुकतुकीत. उजेड कमी चालेल, पाणी महिन्यातून दोनदा, विसरलात तरी बिघडत नाही. तिनं लगेच पुढचं विचारलं, पान बाळाच्या तोंडात गेलं तर? "जीभ चरचरेल. उंचावर ठेवा." एक कुंडी म्हणूनच तिच्या घरात वरच्या फळीवर गेली. दुसरी शेजारच्या आजींसाठी होती.

आजी एकट्या राहायच्या. उभी हयात कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवल्या, त्यामुळे उजव्या हाताच्या बोटातलं अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायचं धातूचं टोपण, त्या अजूनही काढत नसत. दोन्ही स्वयंपाकघरं काटकोनात, मधली भिंत एक, खिडक्या एकमेकींना दिसणाऱ्या. आजींच्या खिडकीत पीस लिली असायची, आणि तिच्यावरून दोघींचा एक करार झाला होता.

"रोज उठून 'बऱ्या आहात ना' विचारू नकोस बाई, मला म्हातारं झाल्यासारखं वाटतं," आजी म्हणाल्या होत्या. "हिच्याकडे बघ. दोन-तीन दिवस पाणी मिळालं नाही की मान टाकते, नाटकी आहे मेली. तिनं मान टाकली की समज, मी टाकली. किल्ली आहेच तुझ्याकडे."

मग आजी पंधरा दिवस भाचीकडे गेल्या. लिलीला पाणी घालायचं काम हिच्याकडे. नेमका बाळाला ताप आला आणि लिली साफ वाळून गेली. त्या अपराधापोटी ही दुसरी कुंडी.

"हे झाड आहे का प्लॅस्टिक?" आजींनी पानावर अंगुस्तान वाजवून बघितलं.

"काही करावं लागत नाही, आजी. तुमची कंबर धरते ना, वाकायला नको."

"आणि हे रुसलं तर कळायचं कसं गं?"

"रुसतच नाही. तेच तर!"

"मग माझ्यासारखंच घुमं," आजी म्हणाल्या आणि कुंडी खिडकीत ठेवली. करार कुणी मोडला नाही, बदललाही नाही. तिची नजर सवयीनं रोज त्याच खिडकीकडे जात राहिली. हिरवं आहे, ठीक आहे.

बाळ झोपेत श्वास घेतंय ना हे बघायला नाकापाशी बोट धरणारी बाई ती. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. मग एका आठवड्यात तिला दिसलं की आजींच्या स्वयंपाकघरातला दिवा भर दुपारीही जळतोय. भिंतीतून बारीक टकटक येतेय हेही तिनं ऐकलं आणि वरच्या मजल्यावर नळवाला आलाय असं धरून चालली.

"आजी दिसल्या नाहीत दोन दिवस," नवरा म्हणाला.

"झाड बघ ना, कसं ताठ आहे!" ती म्हणाली. हे वाक्य तिचंच.

चौथ्या दिवशी झाडूवालीनं दारावर विचारलं, "ताई, आजी गावाला गेल्यात का? तीन दिवस कचऱ्याची पिशवी नाही बाहेर." तेव्हा कुठे ती किल्ली घेऊन धावली.

आजी ओट्याखाली भिंतीला लागून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं. बोटात अंगुस्तान होतं, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर भिंतीच्या रंगाचे बारीक टवके उडाले होते. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर दोन दिवस तरी जीव होता. अंगुस्तानाचं ती कुणाशी बोलली नाही.

चार महिने झाले, ते घर बंद आहे. भाचीचं काही ठरत नाही. खिडकीतल्या झाडाला पाण्याचा थेंब नाही, तरी त्यानं नवा कोंब काढलाय, कोवळा, पोपटी. किल्ली हिच्याकडेच आहे, पण दार उघडायचं धाडस होत नाही. दुपारी बाळाला भरवताना भिंतीतून येतं, टक. टक. वरचा मजला रिकामा आहे, ती स्वतः बघून आलीय. बाळ घास तोंडात धरून भिंतीकडे वळतं आणि ओळखीचं हसतं.

नवरा म्हणतो, मनाचे खेळ. असतीलही. पण तिला तुम्हाला एक सांगायचंय. तुमच्याही शेजारी, जिन्याच्या वर-खाली कुणीतरी एकटं राहत असेल. दिवा, पडदा, खिडकी बघून ठरवू नका. हे वाचायचं थांबवा, चपला घाला, जा. दार वाजवा. आतून माणसाचा आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.