‘बंद आहे’ म्हणणारी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, दुकानाच्या दारावरची. मला दोन बाजू आहेत. एका बाजूला लिहिले आहे, ‘दुकान उघडे आहे’. दुसऱ्या बाजूला, ‘दुकान बंद आहे. उद्या सकाळी नऊ वाजता यावे’. पहिली बाजू उन्हाने पार विटली आहे. दुसरीचा रंग अजून कालच दिल्यासारखा चकाकतो. यावरून काय ते ओळखा.

माझे मालक बाइंडरकाका. सुटी पाने जुळवायची, दाभणाने भोके पाडायची, दोऱ्याने शिवायची, पाठीला खळ लावून कापड चिकटवायचे, हे त्यांचे काम. दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पुढची खोली. मध्ये फक्त एक पडदा. दुकान थाटले तेव्हा काकू म्हणाल्या, “अहो, पडदा म्हणजे काही भिंत नव्हे. संध्याकाळी सहा वाजले की दुकान संपलं, असं कुणीतरी सांगायला हवं.” मग उरलेल्या फळीचा एक तुकडा घेऊन त्यांनीच मला रंगवले. काकू दवाखान्यात रक्त तपासायचे काम करतात. ड्यूटी संपली की ॲप्रन तिथल्या खुंटीला टांगतात आणि घरी येतात. ॲप्रन घरी आणायचा नसतो, हे त्यांना ठाऊक होते.

पहिली काही वर्षे माझी चैन होती. सहाच्या ठोक्याला काका मला उलटत. आतून कॅरमचा खडखडाट ऐकू येई. त्यांची मुलगी चिंगी “बाबांनी चीटिंग केली!” म्हणून घर डोक्यावर घेई.

मग जवळच कॉलेज निघाले आणि माझ्या कपाळी ‘सबमिशन’ आले. या शब्दाची मला अजून चीड येते. वर्षभर झोपलेली माणसे शेवटच्या दिवशी धावत येत. मी ‘बंद आहे’ असे ढळढळीत सांगत असे. ते वाचत, आणि वाचून दार ठोठावत!

“काका, पाटी दिसली, पण आत लाईट चालू होता.”

“या, या. पाटी काय, नावाला असते.”

नावाला! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपण खरे बोलायचे आणि मालकानेच चारचौघांत खोटे पाडायचे! पुढे पुढे तर त्यांनी मला उलटणेच सोडले. रविवारीसुद्धा.

काका माणूस वाईट नव्हे हो. त्यांनी बांधलेले पुस्तक मधोमध उघडून ठेवा, पान आपोआप मिटायचे नाही. लोक कौतुक करत आणि काका विरघळत. गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणे त्यांना जमलेच नाही. घरच्यांना मात्र तो शब्द सर्रास मिळे. “जेवायला येताय?” “आत्ता नाही.” “चिंगीच्या शाळेत बोलावलंय.” “या आठवड्यात नाही जमणार.” एकदा काकू पडद्याआडून म्हणाल्या, “घर दहा पावलांवर आहे, पण तुम्ही परगावी नोकरीला असल्यासारखे वागता.” काका हसले. मला काही हसू आले नाही.

एका शनिवारी सहा वाजून गेले होते. दुकानात दोन गिऱ्हाइके होती. चिंगी तेव्हा नऊ वर्षांची. ती मागच्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घालून पुढे आली आणि गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहिली. दोघांची कामे झाली आणि तिचा नंबर आला.

“काका, अर्जंट काम आहे.”

“किती पानं?” काकांनी वर न बघताच विचारले.

“पानं नाहीत. कॅरमचा एक डाव खेळायचाय.”

काकांनी मान वर केली. “अगं, हे काय नाटक? आणि मला काका काय म्हणतेस?”

“काका म्हणणाऱ्यांशीच तुम्ही बोलता. बाबा म्हटलं की ‘थांब’ म्हणता.”

काकांचे हसू ओठांवरच राहिले. तेवढ्यात तिच्या मागे येऊन उभा राहिलेला एक गृहस्थ म्हणाला, “काका, तेवढं माझं आधी करता का? जरा घाई आहे.” आणि काकांनी, हाताच्या सवयीने, त्याचा गठ्ठा घेतला!

चिंगी आल्या वाटेने निघून गेली. मला वाटले, खिळ्यावरून सुटावे आणि थेट काकांच्या पायावर पडावे.

काकांनी पाने जुळवली, शिवली, कापड चिकटवले. मग उघडून पाहिले तर मधला अख्खा भाग उलटा! असे आजवर कधी झाले नव्हते. गृहस्थ भडकला. काका त्या उलट्या पानांकडे बघत बसले.

“साहेब, सोमवारी या. नव्याने करून देतो.”

“सोमवारी? उद्या का नाही?”

“उद्या रविवार आहे,” काका म्हणाले. जणू त्यांना ते आत्ताच कळले होते.

त्यांनी मला उलटले, दार लावले आणि पडद्याशी जाऊन हाक मारली, “चिंगे!”

“थांबा,” आतून आवाज आला. “माझं चित्र चालू आहे.”

काका स्टुलावर बसून राहिले. चांगला अर्धा तास.

त्या दिवसापासून सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. खोटे बोलणे माझ्या स्वभावात नाही. काका मला कधी सहाला उलटतात, कधी सातला. परीक्षा आल्या की पुन्हा विसरतात. मग काकू येतात, मला उलटतात आणि आत जातात. परवा एक जण “बाइंडरला माज आलाय” म्हणून दुसऱ्या दुकानात गेला. काका दारापर्यंत गेले, पण त्याच्यामागे धावले नाहीत.

मित्रांनो, मी एक फळी. दार अडवून धरायची ताकद माझ्यात नाही. तुमच्या घरीही कुणी काम डोक्यात घेऊन जेवायला बसत असेल. त्याला हाक मारणे सोडू नका. आणि कधी तुम्हीच घाईत असाल, तर माझ्यासारख्या पाटीच्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

गेल्या आठवड्यात एक प्राध्यापिका गठ्ठा घेऊन आल्या. दार ठोठावायला त्यांनी हात उचलला, मग ओठ हलवत मला वाचले. आत कुणीतरी खळखळून हसले. बाईंनी हात मागे घेतला आणि आल्या पावली परत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आल्या. काम वेळेत झाले. कुणाचे काहीही अडले नाही.