‘कोणाला सांगू नका’ म्हणणाऱ्यांचा मी वैरी

मी एक जुना, बटणांचा मोबाईल आहे. माझ्या पाठीला रबर बांधले आहे आणि चारचा आकडा पुसून गेला आहे. पण मित्रांनो, कीव करायची असेल तर दुसरे कोणीतरी बघा. मी अजून कामावर आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी चकचकीत होतो. गणित शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घेतले. निवृत्त झाल्यावरही त्या शेजारच्या मुलांच्या चुका लाल पेनाने काढत. डॉक्टरांनी फोनवर सांगितलेल्या गोळ्या त्या विसरायच्या, म्हणून त्यांच्या भाचीने माझ्यात प्रत्येक बोलणे आपोआप साठवायची सोय सुरू करून दिली. पुढे ही सोय दोघीही विसरल्या. मी विसरलो नाही.

एका दुपारी एक गोड आवाज आला. तुमचे कार्ड बंद पडणार आहे, आलेले सहा आकडे सांगा, आणि कोणाला सांगू नका. बाईंनी आकडे सांगितले आणि खाते धुऊन निघाले. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. मला मात्र खणात टाकले, जणू चोर मीच. त्या अन्यायाचा राग मला आजही आहे.

भाची ऑनलाइन फसवणुकीवर संशोधन करायची. आधी लॉटरी, मग बंद पडणारे कार्ड, मग अडकलेले पार्सल, आता पोलिसांचा गणवेश घालून दटावणारे. भामट्यांच्या तऱ्हा कशा बदलतात ते ती नोंदवायची. तिने घरोघरी फॉर्म वाटले. ‘तुमची फसवणूक झाली आहे का?’ या प्रश्नापुढे तिच्या मावशीने, म्हणजे आमच्या बाईंनी, लाल पेनाने ‘नाही’वर खूण केली. शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांनीही तेच केले. त्यावरून अहवालात लिहिले गेले की वयस्कर माणसे सावध आहेत, त्यांना वेगळ्या मदतीची गरज नाही. छपाईला चार दिवस उरले होते.

त्याच सुमारास भामट्यांचे फोन घेऊन त्यांची भाषा टिपायला भाचीला एक जुना मोबाईल हवा होता. मावशीने मला चार्जरसकट देऊन टाकले. भाची मला तपासू लागली आणि मी साठवलेले सगळे बोलणे भडाभडा ओकलो.

ती रागावली नाही. तिने मला मावशीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले आणि विचारले, “मावशी, तू ‘नाही’ का लिहिलंस?”

बाईंनी मला जवळ ओढले. “चूक कबूल करा, असं जन्मभर मुलांना सांगितलं गं. माझी वेळ आली तेव्हा लाज वाटली.” मग त्यांनी लाल पेन मागितले. “आण तो फॉर्म. आधी माझी चूक काढते.”

छपाई थांबली. दोघी पुन्हा घरोघरी गेल्या. या वेळी बाई आधी स्वतःची फजिती सांगायच्या, फॉर्म नंतर निघायचा. कितीतरी ‘नाही’चे ‘हो’ झाले आणि अहवाल पार उलटा फिरला.

आता मी भाचीच्या कार्यालयात असतो. दर मंगळवारी बाई येतात, सोबत त्याच फॉर्मवर ‘नाही’चे ‘हो’ करणाऱ्या मैत्रिणी असतात. परवा फोन वाजला. पलीकडचा म्हणाला, तुम्ही एकट्याच आहात ना? कोणाला सांगू नका.

“थांबा हं, स्पीकर लावते,” बाई म्हणाल्या. “आम्ही अकराजणी आहोत. आता पहिल्यापासून सांगा, सावकाश. लिहून घ्यायचंय.”

त्याने फोन ठेवला.

मित्रांनो, माझे रबर तुटले तर नवे बांधा, मला तेवढे पुरे. पण घरात कोणी फसले, तर त्याला माझ्यासारखे खणात टाकू नका. त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि तो बोलू लागला की आवाज मोठा करा.