न धुतलेली चमक

आमची भुकटी थंडीत जांभळी व्हायची. लोखंडाच्या अणूतले इलेक्ट्रॉन गारठले की जोड्या लावून बसतात आणि चुंबकाला ओळख देत नाहीत. ऊब लागली की जोड्या मोडतात, भुकटी पांढरी पडते, चुंबक तिला ओढतो. एवढं पुष्कळांनी करून ठेवलंय. सरांचा दावा त्यापुढचा होता: लोखंडाला बांधलेला रंगाचा रेणू अतिनील दिव्याखाली चमकतो, आणि जोड्या जुळल्या-मोडल्या की ती चमकही चढते-उतरते. चुंबक नकोच, नुसतं बघून कळेल. याच दाव्यावर माझी डॉक्टरेट टांगलेली.

भुकटी चमकत होती, खोटं कशाला बोलू. चुंबकाच्या यंत्राला घाण चालत नाही म्हणून मी ती आणखी एकदा स्पिरिटने धुतली. गाळून खाली उतरलेलं स्पिरिट दिव्याखाली निळंशार पेटलं. वरची भुकटी ठार विझलेली. थंड केली, जांभळी झाली. ऊब दिली, पांढरी झाली. लोखंड आपलं काम चोख करत होतं. चमकत होता तो कुठेच न बांधलेला, उगाच रेंगाळलेला रंग. तो थंडीत जास्त चमकतोच, लोखंड असो वा नसो. बांधलेल्या रंगाची चमक लोखंडानं केव्हाच गिळली होती.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "तुला धुवायला कुणी सांगितलं होतं?"

घरी आई भावाच्या शर्टाला बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, "गप्प बसली असतीस तर अंगाला काय भोकं पडली असती?" भावाचं म्हणणं, ताईला जुळत आलेलं मोडायची खोडच आहे, तीनही स्थळांचं तेच केलं तिनं.

परिषदेत जुनी, न धुतलेली भुकटी निघाली. बोलायला उभा राहिला गोंद. माझ्या मागून आलेला. सरांना चिकटलेला असतो म्हणून हे नाव मीच ठेवलं. दिवे मालवले. चमक चढली, उतरली, टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत उभी राहून विचारलं, नमुना धुऊन घेतला होता का?

गोंदनं सरांकडे पाहिलं. सर माईकपाशी आले. "आमच्याकडची धुणीभांडी याच बघतात. त्यांनाच विचारा."

सभागृह हसलं. बायकाही हसल्या. आता कुणीतरी खरंच मला विचारील म्हणून मी तशीच उभी राहिले. लोक चहाला उठले.

पुढच्या आठवड्यात सरांचा निरोप आला. परदेशातल्या एका प्रयोगशाळेनं पडताळायला नमुना मागितलाय, ताजा करून दे, मग तुझ्या डॉक्टरेटचं बघू. गोंदला ती भुकटी जमत नाही, त्याच्या हातून चिखल होतो.

मी केली. धुतली. खालचं स्पिरिट दिव्याखाली निळं पेटायचं थांबून काळं दिसेपर्यंत धुतली. डॉक्टरेट त्याच स्पिरिटबरोबर चाललीय हे दिसत होतं मला, आंधळी नाही मी. कुपी भरली, झाकण घट्ट लावलं आणि स्वतः टपालात टाकून आले.

बसू देत आता तिकडचे दिवा लावून.