वीस मिनिटांवर धबधबा

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पाटी आहे. तुमच्या दप्तरातली लिहायची पाटी नव्हे. वाटेच्या कडेला उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्ता दाखवते ती. माझ्या अंगावर एक बाण आहे, बाणाखाली 'ला पेरेसोसा धबधबा' अशी अक्षरं आहेत आणि त्याखाली 'वीस मिनिटे'. ही शेवटची ओळ धडधडीत खोटी आहे. तेवीस वर्षं मी हे खोटं ताठ मानेनं सांगितलं. आता म्हातारपणी खरं काय ते सांगून मोकळं व्हावं म्हणते.

एक्वादोरच्या डोंगरांत आमचं सान लुकास हे छोटं शहर आहे. भोवतालच्या रानात अकरा धबधबे आणि प्रत्येकाला आपापली पायवाट. एका पावसाळ्यात दरड कोसळली आणि तिच्याबरोबर जंगली अक्रोडाचं एक झाड आडवं झालं. त्याची एक फळी ओल्मेदोनं उचलली, ती मी. ओल्मेदो खेचरं हाकायचा, सुतारकाम करायचा आणि गप्पा मारायचा. या तिसऱ्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

मला उभं केलं तो मिंगाचा दिवस होता. मिंगा म्हणजे घरटी एका माणसानं येऊन सगळ्यांचं एखादं काम मिळून करायचं. त्या दिवशी वाटेवरचं गवत कापलं, ओढ्यांवर ओंडके टाकले आणि शेवटी सगळे माझ्याभोवती जमले.

"किती वेळ लिहू?" ब्रश रंगात बुडवून ओल्मेदोनं विचारलं.

"दीड तास. तेवढाच लागतो की!" कुणीतरी म्हणालं.

"अरे, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा! दारात पाहुणा आलाय आणि त्याला दीड तास सांगायचा? तो आल्या पावली परत जाईल ना!"

"मग तासभर लिही."

"तेही कोरडंच वाटतं रे. आपण तोंडानं काय सांगतो?"

"हे काय, इथंच तर आहे!" चौघं एकदम म्हणाले.

"बरोबर. मग 'इथंच'ची मिनिटं किती होतात?"

लास्तेनिया सगळ्यांना उसाचा रस वाटत होती. तिचा नवरा वारून वर्षही झालं नव्हतं, पोर पाठीला बांधलेली होती आणि धबधब्यापाशी खाण्याची टपरी टाकायचं तिनं नुकतंच ठरवलं होतं. ती म्हणाली, "वीस लिही कोंपाद्रे. वीस म्हटलं की माणूस पाऊल उचलतो. पुढचं त्याचे पाय बघून घेतील." ओल्मेदो तिच्या लेकीचा धर्मपिता होता, म्हणून ती त्याला कोंपाद्रे म्हणायची. त्यानं तिचं ऐकलं.

हसू नका मित्रांनो. आमच्याकडे दमलेल्या माणसाला खरं अंतर सांगणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. पोटात पाप नव्हतं कुणाच्या.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. सकाळी शहरातून बसगाड्या यायच्या. लोक रबरी बूट चढवायचे, मला वाचायचे आणि म्हणायचे, "वीसच मिनिटं? चला, चला!" दुपारी तेच लोक गुडघाभर चिखलात माखून परत येताना माझ्यासमोर थबकायचे. किनाऱ्याकडचा एक गलेलठ्ठ गृहस्थ कमरेवर हात ठेवून ओरडला, "वीस मिनिटं म्हणे! कुणाची? हरणाची?" एकानं तर खिळ्यानं 'वीस'च्या पुढे 'गुणिले पाच' असं कोरलं. दुखलं मला, पण हिशेब त्याचा बरोबर होता. इतकं बोलून शेवटी सगळे माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढायचे. मी मनातून फुगायचे. वाटायचं, या सगळ्यांना वर धाडते ती मीच.

मधल्या वाटेवर वस्तीतली माणसं असायची. कुणी गाई राखत, कुणी पेरू विकत. धापा टाकणारा दिसला की ती उठायची, "आलंच की आता!" म्हणत दोन वळणं त्याच्याबरोबर चालायची, फाटक उघडून द्यायची. ही गोष्ट तेव्हा मी जमेस धरली नव्हती. पाटीला सगळं श्रेय आपलंच वाटतं.

लास्तेनिया रोज पहाटे खेचरावर मका आणि भांडी लादून माझ्यासमोरून जायची. "काय गं पाटी, आज पण थापा मारणार ना?" असं विचारून माझ्या डोक्यावर टपली द्यायची. वर ती कोवळ्या मक्याचं वाटण चीज घालून पानात गुंडाळून उकडायची, त्याला उमितास म्हणतात. त्या खाऊन परतणाऱ्यांच्या बोटांना चीजचा वास यायचा. याच टपरीवर तिची नुबे शिकली, मोठी झाली आणि नोकरीसाठी क्वेंका शहरात गेली.

एकदा एक निवृत्त मास्तर आले. गुडघा दुखरा होता, पण वीस मिनिटं काय, सहज जमेल म्हणाले. दुसऱ्या ओढ्याशी पावसानं गाठलं आणि गुडघ्यानं दगा दिला. वस्तीतल्या चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. मास्तर मजेत गाणी म्हणत होते. पण खुर्ची माझ्यासमोरून गेली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना फसवणारी मीच होते.

महिन्याभरानं नगरपालिकेच्या इंजिनिअरबाई आल्या, मारितसा त्यांचं नाव. त्यांनी वाट दोनदा चालून मोजली आणि ओल्मेदोला गाठलं.

"ही पाटी तुम्ही रंगवली?"

"हो मॅडम. अक्षर चांगलं आलंय ना?"

"अक्षर छान आहे. आकडा कुठून आणलात?"

"तो माझ्या कोमाद्रेनं, लास्तेनियानं दिला. आकड्यांत ती माझ्याहून हुशार."

इंजिनिअरबाई हसल्या, पण त्यांनी ऐकलं नाही. माझ्या जागी लोखंडी पाटी आली: 'एक तास पस्तीस मिनिटे. वाट कठीण.' शेजारीच दुसऱ्या धबधब्याची: 'गाडीतळापासून पंधरा मिनिटे.' शब्दन् शब्द खरा होता. मला उपटून झुडपात टाकलं.

अख्खा पावसाळा मी तिथं पालथी पडून होते. पोटाशी गांडुळं, पाठीवर शेवाळ. ज्यांनी माझ्यासोबत फोटो काढले होते, तेही सरळ पुढे जायचे. शेवटी एका पहाटे ओळखीची टपली बसली. "अगं बाई, तू इथं लोळतेस होय? चल माझ्याबरोबर." लास्तेनियानं मला खेचरावर बांधलं.

मित्रांनो, एक गुपित सांगते. इतकी वर्षं मी धबधब्याची वाट दाखवली, पण धबधबा कधी पाहिला नव्हता! पहिलं वळण आलं, वाटलं, आता दिसेल. दुसरं आलं. ओढा आला, चिखल आला, गाईंचं कुरण आलं, पुन्हा चढ, पुन्हा ओढा. खेचराच्या पाठीवर आडवी असूनही माझा जीव मेटाकुटीला आला. तो गलेलठ्ठ गृहस्थ मला आठवला आणि मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. मग झाडं बाजूला झाली आणि ला पेरेसोसा दिसला. पेरेसोसा म्हणजे आळशी. खडकाच्या एकेका पायरीवर टेकत, रेंगाळत उतरणारं ते पांढरंशुभ्र पाणी मी डोळे भरून पाहिलं. याच्यासाठी दीड तास काय, अख्खा दिवस चालावं.

लास्तेनियानं मला टपरीचा कट्टा केलं, अक्षरं वर ठेवून. आलेला माणूस कपाची वाट बघताना वाचायचा 'धबधबा, वीस मिनिटे' आणि कपाळाला हात लावायचा, "देवा, अजून वीस मिनिटं?" समोर धबधबा कोसळत असायचा! हसून हसून लास्तेनियाच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पण असे लोक दिवसेंदिवस कमी होत गेले. लोखंडी पाटी वाचून सगळे पंधरा मिनिटांच्या धबधब्याकडे वळायचे. कुणी येत नाही म्हणून वस्तीतली माणसं वाटेवर बसेनात, आणि पाय पडेनात म्हणून वाटेवर गवत माजलं. लास्तेनियाच्या उमितास रोज खेचरावरून तशाच परत जाऊ लागल्या.

एका उंच खडकावर फोन लागायचा. तिथून तिचं बोलणं मला ऐकू यायचं. नुबे म्हणत असावी, आई, इकडे ये. एकदा लास्तेनिया म्हणाली, "बरं बाई, येते. नोव्हेंबरच्या सुट्टीत शेवटची कोलादा करते आणि टपरी मोडते."

नोव्हेंबरात आमच्याकडे गेलेल्या माणसांची आठवण काढतात. तेव्हा जांभळ्या मक्याच्या पिठाची, फळं घालून उकळलेली गरम कोलादा पितात आणि पावाच्या बाहुल्या खातात. लास्तेनियानं साठ माणसांची कोलादा चढवली. दुपार झाली. तोवर एक कुत्रा तेवढा येऊन गेला. तिनं मला फडक्यानं पुसलं आणि म्हणाली, "तुला नेऊ का गं क्वेंकाला? नुबेच्या पाचव्या मजल्यावर कुणाला वाट दाखवशील?" मग ती माझ्यावर डोकं टेकून रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात झाडीतून आवाज आले. एक दोन नव्हे, पंचवीस-तीस माणसांचे. पुढे होत्या इंजिनिअरबाई, कमरेपर्यंत चिखल. मागे ओल्मेदो, आणि त्याच्या खेचरावर एक आजीबाई. खेचरावरून उतरण्याआधीच आजीबाईंनी तक्रार सुरू केली.

"या पोरीनं आम्हाला फसवलं! सकाळी पाटी वाचून आम्ही माघारी निघालो होतो. ही म्हणाली, चला, मी येते बरोबर. मग बाकीचेही निघाले. पहिल्या ओढ्याशी विचारलं, किती राहिलं गं? म्हणे, आलंच. कुरणात विचारलं, म्हणे, हे काय, इथंच!"

इंजिनिअरबाई लाजून लाल झाल्या. "काय करू? सकाळपासून माझी पाटी वाचून लोक परत फिरताना बघत होते. आणि वाटेत आजींचा चेहरा बघून खरा आकडा तोंडातून निघेचना!"

"मॅडम, तुम्ही आमच्यातल्याच निघालात," ओल्मेदो म्हणाला.

तासाभरात पातेल्याचा तळ दिसला. पोरं पाण्यात डुंबत होती, मोठी माणसं दुसऱ्यांदा कप पुढे करत होती. त्या गर्दीत मला उमगलं की माणसांना वर मी कधीच आणलं नव्हतं. सोबत चालणाऱ्यांनी आणलं होतं.

इंजिनिअरबाई कट्ट्याशी आल्या. "लास्तेनियाबाई, आकडा खराच ठेवावा लागेल, गुडघेदुखीवाल्यांसाठी. पण खाली सोबतीला माणूस उभा राहील. वस्तीनं पाळी लावायचं कबूल केलंय आणि पहिली पाळी माझी. आणि ही जुनी पाटी मला द्या. माझ्या पाटीखाली मानानं लावते."

मित्रांनो, मला मोह झाला हो. पुन्हा बसगाड्या, पुन्हा फोटो! पण लास्तेनियानं दोन्ही हात माझ्यावर पालथे ठेवले.

"ही इथून हलायची नाही," ती म्हणाली. "आणि मीही."

ओल्मेदोनं टोपी हवेत उडवली. लास्तेनिया खडकावर चढून फोनमध्ये ओरडली, "नुबे, मी येत नाही! तूच ये, आणि येताना मोठं पातेलं आण!"

पुढच्या रविवारी मिंगा झाला आणि गवत निघालं. माझं आता तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. रानातली वाट पायांवर जगते. ती चालती ठेवा, तिच्यावर कचरा टाकू नका, आणि आमच्यासारख्या पाट्यांवर खिळ्यानं काही कोरू नका, हिशेब कितीही बरोबर असला तरी. आणि चढावर कुणी दमलेला दिसला, तर नुसतं अंतर सांगून पुढे जाऊ नका. दोन वळणं त्याच्याबरोबर चाला.