पुढच्या हंगामाचा संघ

हंगाम संपला आणि स्वरूपाची झोप उडाली. तोक्योच्या कोतो भागातल्या एका बास्केटबॉल क्लबात ती दुभाषी होती. नवऱ्याच्या बदलीमुळे जपानला आली, भाषा शिकली आणि या कामाला चिकटली. परदेशी खेळाडू आणि जपानी व्यवस्थापन यांच्यामध्ये बसून एकाचं म्हणणं दुसऱ्याला पोचवायचं, एवढंच काम. यंदा संघ तळाला गेला आणि निशिदा-सान नवे व्यवस्थापक म्हणून आले. करार संपलेल्यांपैकी कोणाला ठेवायचं, दुसऱ्या क्लबांतून मोकळे झालेल्यांपैकी कोणाला आणायचं, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. टेरेन्स या परदेशी खेळाडूला सोडायचं होतं.

तिला हे त्याच्याबरोबरच्या मीटिंगच्या आदल्या दिवशीच कळलं, पण कुणाकडे बोलायची मुभा नव्हती. नेमका त्याच संध्याकाळी टेरेन्सचा फोन आला.

"फुनाबोरी भागात मोठं घर बघतोय. मुलीला शाळा जवळ पडेल. घरमालकाशी तू बोलशील?"

"उद्याची मीटिंग होऊ दे," ती कशीबशी म्हणाली.

"त्यात काय, सही तर करायची आहे."

जेवताना तिचा नवरा सुशांत म्हणाला, "तू फक्त भाषांतर करतेस. निर्णय तुझा नाही." पटत होतं, तरी ती अर्ध्या जेवणावरून उठली.

मीटिंगमध्ये निशिदा-सान फार अदबीने बोलले. आधी आभार मानले. मग टेरेन्सच्या गुडघ्याची चौकशी, तरुण संघाची गरज. शेवटी म्हणाले, "पुढच्या हंगामाचं जरा अवघड आहे. आम्ही विचार करत राहू."

जपानी माणसाला यात सरळ नकार ऐकू आला असता. शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं तर टेरेन्स आशा धरून बसणार, हे स्वरूपाला दिसत होतं. परदेशी खेळाडूंच्या जागा प्रत्येक क्लबात मोजक्या, आणि याच दिवसांत त्या भराभर भरतात. थांबला तर तो कुठलाच राहणार नव्हता. आणि आपणच 'नाही' म्हणून मोकळं व्हावं, तर ते निशिदांनी उच्चारलेलं नव्हतं.

तिचाही करार याच महिन्यात संपत होता.

"माफ करा, निशिदा-सान," ती जपानीत म्हणाली. "हा नकार आहे, असंच सांगू ना?"

दुभाष्याने असं विचारायचं नसतं. निशिदा-सानांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "हो. तसंच सांगा."

तिने सांगितलं. टेरेन्सने सगळं ऐकून घेतलं.

"तुला माहीत होतं?"

"कालपासून."

तो उठला. फोन काढून एजंटला लावत बाहेर गेला.

आठवड्याभरात उत्तरेकडच्या, खालच्या श्रेणीतल्या एका क्लबाने त्याला घेतलं. बायको आणि मुलगी शाळेसाठी तोक्योतच राहणार होत्या. जाताना त्याने स्वरूपाला एवढंच लिहिलं, "वेळेवर कळलं." हे आभार की राग, तिला उमगेना.

मग निशिदा-सानांनी तिला बोलावलं.

"तुमचा करार वाढवतोय."

"नक्की ना?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"नक्की." ते किंचित हसले. "उद्या आणखी एका खेळाडूला नकार कळवायचाय." त्यांनी नाव सांगितलं. सकाळीच तिने त्याच्याबरोबर कॉफी घेतली होती.

"त्याला आधीच स्पष्ट सांगाल?" तिने विचारलं.

"प्रयत्न करीन," ते म्हणाले.