आदिनाथदादाची साधी राहणी

आदिनाथ पुण्याहून तत्त्वज्ञान शिकून धारूरच्या डोंगरात परतला, तो झोपडीत राहण्याचं वेड घेऊनच. पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत म्हणे एक माणूस तळ्याकाठी झोपडी बांधून एकटा राहिला. अन्यायाचा कर भरणार नाही म्हणून एक रात्र तुरुंगातही बसला. त्याचे विचार वाचून देशोदेशीची माणसं पुढं सरकाराशी न मारता भांडायला शिकली. आदिनाथचे वडील मोहनराव म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ, पाझर तलावाचा अख्खा काठ त्यांच्या मालकीचा. त्यांनी पोराला तिथं झोपडी बांधून दिली. फरशी होती, मोटारीचं पाणी होतं, फक्त एसी तेवढा नव्हता. हौसेला मोल नसतं.

त्याच तलावावर धुळाजीची बासष्ट मेंढरं पाणी प्यायची. बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या बापानं त्या बांधाची माती डोक्यावर वाहिली होती. चैत्रात डोंगरात दुसरं पाणी नव्हतं आणि मेंढरांशिवाय धुळाजीकडं दुसरं काही नव्हतं.

सुरुवातीला आदिनाथला धुळाजीचं भारी कौतुक. रोज त्याला समोर बसवून तो त्या अमेरिकनाची गोष्ट सांगायचा. धुळाजीला तुरुंगाचा भाग फार आवडला.

"म्हंजी कायदा वंगाळ आसंल तर मानायचा न्हाई?"

"मानायचा नाही, बाबा. पण हातही उचलायचा नाही. शांत बसायचं, शिक्षा झाली तर हसत भोगायची. समोरच्याला आपोआप लाज वाटते."

धुळाजीनं ते गाठीला बांधलं. भोळ्या माणसाचा हाच रोग. शिकलेला माणूस बोलतो ते त्याला खरं वाटतं.

पंधरा दिवसांत लेंड्यांचा वास आणि मेंढरांचं ओरडणं आदिनाथच्या चिंतनाच्या आड यायला लागलं. तलावाला काटेरी तार लागली. धुळाजीनं हात जोडून पाहिले, पाया पडून पाहिलं. मग एका सकाळी तो कळप घेऊन आला आणि तारेच्या फाटकात मांडी घालून बसला.

"दादा, ह्यो कायदा वंगाळ हाय. मी मानीत न्हाई. बसलो बगा."

आदिनाथ आधी गोंधळला, मग हरखून गेला. त्यानं धुळाजीचे चार फोटो काढले. मग त्यानंच पोलिसांना फोन लावला.

"वाईट वाटून घेऊ नका, बाबा. तुरुंगाशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही."

"अन् मेंढरं?"

"माझ्यावर सोडा."

धुळाजी हसत जीपमध्ये चढला. मागं बायको साखराबाई काठी घेऊन कळपापाशी उभी राहिली.

चौकीत कुणालाच लाज वाटली नाही. रात्रभर कोंडून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याकडून अंगण झाडून घेतलं आणि दुपारी हाकलून दिलं. आठ कोस उन्हात चालत तो तलावावर पोचला, तर ओरडणं ऐकू येईना.

झोपडीमागं कापलेल्या ज्वारीचं रान होतं. मोटारीच्या गळक्या पाण्यावर धाटांना वीतभर हिरवे फुटवे आले होते. त्या कोवळ्या फुटव्यात किराळ असतं. ते विष पोटात गेलं की मेंढरू घटकाभरात आडवं होतं. धनगराच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. त्या हिरव्या रानात बासष्टच्या बासष्ट मेंढरं पोट फुगून पडली होती.

"दादाला दया आली," साखराबाई म्हणाली. तिचा आवाज पार बसला होता. "उपाशी हायीत म्हनला, हिरवं खाऊ द्या. मी पाय धरले. म्हनलं, किराळ लागंल. तर म्हनतो कसा, मावशी, निसर्ग कुनाला फसवीत न्हाई, जनावराला आपलं हित कळतं. गड्यांनी मला धरून ठिवलं अन् मेंढरं आत हाकली."

मोहनराव आले. जन्माचा शेतकरी माणूस, एका नजरेत समजला.

"फुटव्यात मेंढरं घालतात व्हय बे?" ते पोरावर खेकसले आणि मेंढरं पुरायला जेसीबी मागवला. त्यांच्या दृष्टीनं विषय तिथं मिटला.

आदिनाथचे डोळे खरोखर भरून आले होते. त्यानं धुळाजीचा हात हातात घेतला.

"बाबा, मालमत्ता हेच माणसाचं ओझं असतं. आज तुम्ही माझ्याही पुढं गेलात. मोकळे झालात."

चेष्टा असती तर बरं झालं असतं. तो मनापासून बोलत होता. धुळाजीच्या दुसऱ्या हातात काठी होती आणि आदिनाथचं डोकं हाताच्या अंतरावर होतं. पण हात उचलायचा नाही हे त्यानं शिकून घेतलं होतं. तो नुसता त्या पोराच्या तोंडाकडं बघत राहिला. लाज शोधत होता बिचारा. माया होती, कीव होती, भक्तीसुद्धा होती. लाज कुठंच नव्हती.

"ती तार काढून टाका रे," मोहनरावांनी गड्यांना सांगितलं. "आता कशाला लागती?" मग ते धुळाजीकडं वळले. "अन् तू उद्यापसून झोपडीवर झाडलोटीला येत जा. पोराला एकट्याला लई जड जातंय."

साखराबाई त्यांच्या पायापाशी थुंकली आणि वाटेला लागली. धुळाजी उभाच राहिला. घरात दोन दिवसांचं पीठ होतं, आणि पाठोपाठची दोन नातवंडं होती.

"किती वाजता येऊ, मालक?" त्यानं विचारलं.