पोटरीचा जोर

आज पोटरीच्या जोराचा आकडा वाढला नाही तर संध्याकाळी शिलाईचं पायमशीन विकून टाकायचं, असं शिंपीकाकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. गिऱ्हाईकसुद्धा बोलावून ठेवलं होतं. हे ऐकून संशोधक बाईंनी मोजमापाची खुर्ची दोनदा तपासून घेतली.

काकांच्या पायांतल्या धमन्या अरुंद झालेल्या, मशीन वर्षभर बंद. रक्त पुरेसं पोचत नाही म्हणून थोडं चाललं की पोटरी दुखते, हे कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं असतं. बाईंचं खूळ त्याच्या पुढचं. रक्ताविना दुबळा झालेला स्नायू पुन्हा जोर धरतो का? त्यासाठी बारा आठवडे त्यांनी काकांना व्हरांड्यात दुखेपर्यंत चालवलं, बसवलं, पुन्हा चालवलं. काका तोंडाचा पट्टा सोडायचे, पण एक दिवस चुकवला असेल तर शपथ.

खुर्चीत बसून काकांनी पायाच्या पंजानं जोर मोजणारी लोखंडी पट्टी दाबली. पहिल्या दिवशी पडद्यावर अठरा किलो आले होते. आजही अठराच.

"जाऊ द्या हो बाई," काका हसले, पण हसू काही जमलं नाही. "तुम्ही कशाला तोंड पाडता?"

"एकदा परत दाबा." या वेळी बाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही, पायाकडे पाहिलं. पंजा, टाच, पंजा, टाच! काका चक्क मशीन चालवत होते. निम्मा जोर टाचेत वाया जात होता.

"काका, टाच का दाबताय?"

"दाबतोय?" काका वाकून स्वतःच्याच पायाकडे बघत राहिले. "वर्षभरात पाय असा चाललाच नव्हता हो."

बाईंनी त्यांची टाच पट्ट्यानं घट्ट बांधली. काकांनी दात-ओठ खाऊन पंजा दाबला. तेवीस. खात्रीसाठी पुन्हा. चोवीस. बाईंना इतका आनंद झाला की आकडा लिहायचा सोडून त्या टाळ्याच वाजवत बसल्या.

काकांनी तिथूनच घरी फोन लावला. "अगं, त्या गिऱ्हाइकाला नको म्हणून सांग."

"सकाळीच सांगितलंय," काकू म्हणाल्या. "महिनाभर बघतेय, जेवताना टेबलाखाली तुमचे पाय चालू असतात. या आता लवकर, मी मशीनला तेल घालून ठेवलंय."